लॅपटॉपचे बारा युनिट

विजेचं बिल आलं की सासऱ्यांचा पारा चढायचा आणि सगळा राग निघायचा सुनेच्या लॅपटॉपवर. "सकाळपासून ते डबडं चालू! मीटर नुसता पळतोय."

सासूबाईंच्या फुप्फुसांनी दगा दिला तशी सुनेने ऑफिस सोडलं. नवरा नोकरीला परगावी. डॉक्टरांनी बोलून पाठवलेले अहवाल ती कानाला हेडफोन लावून घरीच टाइप करायची. आतल्या खोलीत सासूबाई ऑक्सिजनच्या मशीनची नळी नाकाला लावून पडलेल्या असायच्या.

एकदा सासऱ्यांनी काम चालू असतानाच चार्जर उपटला. बॅटरी आधीच मेलेली. अर्धा अहवाल उडाला. सुनेचं डोकं फिरलं. तिने शेजारच्या वायरमनकडून प्लगला लावायचं छोटं मीटर आणलं आणि दोन दिवस घरातली एकेक वस्तू मोजली.

"बाबा, हा घ्या हिशोब. माझा लॅपटॉप महिन्याला बारा युनिट. फक्त बारा!"

"मग खातंय कोण एवढं?"

"आईंचं मशीन. दोनशेच्या घरात जातं."

जिंकल्याच्या भरात तिचा आवाज चढला होता. आतल्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं.

"हळू बोल," सासरे म्हणाले. पण बोलून झालं होतं.

चौथ्या दिवशी दुपारी पाणी प्यायला उठताना तिने हेडफोन काढले. घर भलतंच शांत होतं. मशीनची घरघर येत नव्हती. ती आत धावली. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, ओठ निळसर, नळी नीट गुंडाळून मांडीवर ठेवलेली.

तिने बटण दाबलं, नळी लावली, "बाबा, गाडी बोलवा!" म्हणून ओरडली.

"दुपारचीच बंद ठेवत होते गं," सासूबाई धापा टाकत म्हणाल्या. "तीन दिवस काही झालं नाही. म्हटलं, तेवढंच तुमचं भांडण मिटेल."

सुनेने त्यांच्या पाठीशी उशी सारली आणि नळी पुन्हा नीट बसवली.

पाच दिवसांनी सासूबाई घरी आल्या. आता मशीन रात्रंदिवस लावायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सासऱ्यांनी कुणाची माफी मागितली नाही. तो त्यांचा स्वभावच नव्हता. त्यांनी सुनेचं टेबल ओढत आतल्या खोलीत आणलं, चार्जर स्वतः लावला. ती आता एक कान उघडा ठेवून टाइप करायची. चुका वाढल्या, दोन अहवाल परतही आले. तिने ते घरात कुणाला सांगितलं नाही.

मशीनच्या बटणावर सासऱ्यांनी जाड चिकटपट्टी मारली होती. सासूबाईंनी ती पाहिली.

"मी काय लहान मूल आहे?" त्यांनी विचारलं.

सासरे कात्री शोधायच्या निमित्ताने बाहेर गेले. सुनेने मान वर केली नाही.