नातं राहील, नांदणं नाही

लग्न झालेली मुलगी कपड्यांची बॅग घेऊन माहेरी आली, की पहिल्या दिवशी तिच्या आवडीचं जेवण होतं. दुसऱ्या दिवशी आई हळूच विचारते, "मग, किती दिवस आहेस?" आणि तिसऱ्या दिवशी वडील हातातला पेपर बाजूला ठेवून घसा खाकरतात. हे तुमच्या घरी झालं नसेल तर शेजारी झालं असेल. शेजारीही झालं नसेल, तर तुमच्या शेजाऱ्यांना गुपितं सांभाळता येतात, एवढाच त्याचा अर्थ.

प्रभादेवीच्या एका जुन्या गल्लीत, रेमंड मिस्किटांच्या घरीही तेच झालं. त्यांची एकुलती एक मुलगी जोॲना गुरुवारी परळच्या ऑफिसातून वडाळ्याला नवऱ्याकडे न जाता सरळ माहेरी आली. ही काही पहिली खेप नव्हती. याआधीही ती अशीच आली होती, आणि दर वेळी रेमंडने चार समजुतीचे शब्द सांगून, वाटेत केक घेऊन, तिला टॅक्सीने स्वतः परत पोचवलं होतं. जावई प्रेस्टन दार उघडून हसायचा, केक घ्यायचा, "थँक यू, डॅड" म्हणायचा. दार बंद व्हायचं. रेमंड कर्तव्य पार पाडल्याच्या समाधानात घरी यायचा.

रेमंडचं दुखणं वेगळं होतं. गोदीतल्या एका कंपनीतून निवृत्त झालेला हा माणूस पॅरिशमध्ये, म्हणजे त्याच्या चर्चच्या मंडळीत, 'कोर्सवाले अंकल' म्हणून ओळखला जायचा. चर्चमध्ये लग्न करायचं तर आधी जोडप्यांना तयारीचा कोर्स करावा लागतो. तिथे रेमंड आणि त्याची बायको मॉड वर्षानुवर्षं संसार या विषयावर बोलत. बोलायचा अर्थातच रेमंड. मॉड शेवटी उठून "क्षमा करायला शिका" एवढं म्हणायची आणि बसायची. आता अशा माणसाची स्वतःचीच मुलगी घर सोडून आली, तर तो कोर्सला कोणत्या तोंडाने उभा राहणार?

शनिवारी सकाळी त्याने घसा खाकरलाच.

"हे बघ बाय, आपल्यात घटस्फोट नसतो. तुला ठाऊक आहे."

"मी कुठे मागतेय, डॅडी?"

"मग परत जायला पाहिजे. घर सोडून राहणाऱ्या बाईला चर्चमध्ये कम्युनियन पण घेता येत नाही. प्रेस्टनशी बोललोय मी. रविवारी संध्याकाळी येतोय तो न्यायला."

जोॲना भांडली असती तर रेमंडला बरं वाटलं असतं, कारण भांडणाऱ्या माणसाला उत्तर देता येतं. ती नुसती भिंतीला टेकून बसली. पस्तिशीही न गाठलेल्या त्या मुलीच्या चेहऱ्यावर एवढा थकवा होता, की मॉडला तो बघवेना. ती स्वयंपाकघरात गेली आणि तिने कुणाला तरी फोन लावला.

रविवारी सकाळी सगळे मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, गेले. ख्रिस्तप्रसाद वाटायला, म्हणजे घरोघरी ज्याला कम्युनियन म्हणतात ते द्यायला, फादरांच्या मदतीला काही गृहस्थ उभे राहतात. त्यांत रेमंड असायचा. त्या दिवशीही तो हातात प्रसादाचं पात्र घेऊन उभा होता. रांग पुढे सरकत होती. "ख्रिस्ताचं शरीर," तो म्हणायचा. समोरचा "आमेन" म्हणायचा. मॉड आली, आमेन म्हणाली आणि गेली. तिच्या मागे जोॲना यायला हवी होती.

जोॲना बाकावरच बसली होती. बाकावरची माणसं तिच्या गुडघ्यांना वळसा घालून रांगेत येत होती. कुणी वळून बघत होतं, कुणी न बघितल्यासारखं करत होतं. ती मान खाली घालून बसली होती. रेमंडचा हात क्षणभर तसाच राहिला. पुढच्या म्हाताऱ्या बाईला "अंकल?" म्हणावं लागलं.

आता तुम्हाला वाटेल, बापाचं काळीज हललं. कसलं हललं! घरी आल्या आल्या तो म्हणाला, "निदान रांगेत तरी उभं राहायचंस. सगळ्या पॅरिशने पाहिलं."

"तूच सांगितलंस ना, डॅडी. म्हणून नाही आले."

रेमंडने पेपर उघडून तोंडासमोर धरला.

दुपारी जेवायला सिस्टर फ्लॅविया आली. ही रेमंडची थोरली मावसबहीण. नन झाली, नंतर वकिलीचं शिक्षण घेतलं, आणि आता फॅमिली कोर्टात बायकांच्या केसेस चालवायची. शनिवारचा तो फोन मॉडने तिलाच केला होता. रेमंडच्या कपाळाला आठी पडली.

"फ्लॅवियाला कशाला मधे आणलंस?"

"मी बोलावलंय," मॉड म्हणाली. एवढ्या वर्षांत तिने पहिल्यांदाच 'क्षमा करायला शिका' सोडून दुसरं काहीतरी ठामपणे म्हटलं होतं.

बॉटल मसाल्याचं मटण होतं, पण कुणाचं जेवणात लक्ष नव्हतं. फ्लॅवियाने ताट बाजूला सारलं आणि जोॲनाला विचारलं, "बाय, तुला काय पाहिजे?"

गुरुवारपासून हा प्रश्न त्या घरात कुणी विचारला नव्हता. जोॲनाने हातातला घास ताटात परत ठेवला.

"झोप," ती म्हणाली. "दाराशी त्याच्या चपला वाजल्या की मी हातातलं काम टाकून उभी राहते, सिस्टर. आज मूड कसा असेल, काय फेकेल, परत जिन्यात उभं करून दार लावून घेईल का. मला शांत झोपायचंय फक्त."

"घटस्फोट पाहिजे?"

"नको. मी देवासमोर हो म्हटलंय, ते मला मोडायचं नाही. दुसरं लग्न पण नको. पण मी तिथे राहू शकत नाही. आता नाही होत माझ्याच्याने."

रेमंड मधेच बोलला, "हे दोन्ही कसं जमणार? एक तर नांदायचं, नाही तर मोडायचं. मधलं काही नसतं."

"कोण म्हणालं नसतं?" फ्लॅवियाचा आवाज चढला नाही, पण बोट टेबलावर टेकलं. "कायद्यात आहे. न्यायिक विभक्ती म्हणतात त्याला. आपल्या ख्रिश्चन लोकांच्या कायद्यात आहे, हिंदूंच्या कायद्यातही आहे. छळ होत असेल तर कोर्टात अर्ज करायचा. कोर्टाला पटलं तर लग्न तसंच राहतं, पण एकत्र राहायची सक्ती उठते. ती नवऱ्याची बायकोच राहते, पण चल घरी म्हणून तिच्यावर कुणाला हक्क सांगता येत नाही. खर्चासाठी मागणी करता येते. दोघांनाही दुसरं लग्न करता येत नाही. उद्या त्याला खरंच अक्कल आली आणि हिलाही वाटलं, तर परत एकत्र राहता येतं."

"पण हे घटस्फोटासारखंच झालं."

"नाही झालं. आणि झालं असतं तरी काय, रेमंड? घटस्फोट घेणारी बाई गुन्हेगार नसते. ज्या बाईला तो पाहिजे, तिची केसही मी लढवते. पण हिला तो नकोय. तिचा विश्वास तिला मोडायचा नाही आणि तिचं शरीरही मोडून घ्यायचं नाही. यात चुकीचं काय मागतेय ती?"

"आणि चर्च? कम्युनियन?"

"कम्युनियनचं काय?"

"घर सोडलं की ते बंद."

फ्लॅविया त्याच्याकडे वळली. "हे कुणी सांगितलं तुला?"

"हा सगळ्यांना सांगतो," मॉड म्हणाली. "कोर्समध्ये पण."

"अरे देवा! रेमंड, जोडीदाराकडून मनाला किंवा शरीराला मोठा धोका असेल तर वेगळं राहायची मुभा चर्चच्याच कायद्यात आहे. त्यासाठी कुणाचं कम्युनियन बंद होत नाही. कुठे वाचलंस तू हे?"

रेमंडने कुठेच वाचलं नव्हतं. वडील म्हणायचे, शेजारचे म्हणायचे, म्हणून तोही म्हणत आला. शंका कधी आलीच नाही, कारण ऐकणारे माना डोलवायचे. त्याने शिकवलेल्या किती मुली आज कुठल्या कुठल्या चर्चमध्ये अशाच मान खाली घालून बाकावर बसल्या असतील! किती जणी केवळ त्याच्या या एका वाक्यापायी मार खात राहिल्या असतील!

"अर्ज मी तयार करते," फ्लॅविया म्हणाली. "पण छळ दाखवावा लागेल. प्रेस्टन गोड बोलतो, चर्चच्या गायकवृंदात गातो, कुणाला खरं वाटणार नाही. कुणी काही पाहिलंय का, बाय?"

जोॲनाने एकदा वडिलांकडे पाहिलं. मग ती ताटाकडे बघत म्हणाली, "नाही. कुणी नाही."

रेमंड उठून खिडकीशी गेला.

कारण पाहिलं होतं. त्यानेच पाहिलं होतं. दोन वर्षांपूर्वी वडाळ्याला गेला असताना प्रेस्टनने त्याच्यासमोर जोॲनाचा हात पिरगळला होता आणि मनगट मोडलं होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा जोॲनाने तोंड उघडायच्या आत रेमंडच म्हणाला होता, "बाथरूममध्ये घसरून पडली." प्लास्टर घातलेला तो हात धरून त्याने तिला पुन्हा त्याच घरी नेऊन सोडलं होतं. मॉडलाही त्याने तेच सांगितलं होतं. आणि आज, एवढं सगळं होऊनही, ही पोरगी बापाची लाज राखायला खोटं बोलत होती!

मुलगी बापाला सांभाळते, हे तसं आपल्याकडे मोठ्या कौतुकाने सांगतात. त्या दुपारी रेमंडला त्यात कौतुकासारखं काही दिसलं नाही. त्याला स्वतःची शरम वाटली.

संध्याकाळी प्रेस्टन आला. इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावर हसू. सिस्टरला बघून त्याने अदबीने मान लववली.

"सॉरी हां डॅड, तुम्हाला उगाच त्रास. चल जो, बॅग घे. उशीर होतोय."

आणि जोॲना उठली! कुणी काही म्हणायच्या आत तिने बॅगही उचलली. सवयच झाली होती तिला. मॉडच्या तोंडून नुसता हुंदका फुटला.

"बॅग खाली ठेव," रेमंड म्हणाला.

सगळे त्याच्याकडे बघायला लागले.

"ती येणार नाही, प्रेस्टन. ती इथे राहणार. कोर्टात अर्ज करतोय आम्ही, वेगळं राहण्यासाठी."

प्रेस्टनचं हसू थोडं कमी झालं. "डॅड, तुमच्याच कोर्सला बसलो होतो मी. पहिल्या रांगेत. कॅथलिक घरातलं भांडण घरातच मिटवायचं, तुम्हीच म्हणाला होतात ना?"

"म्हणालो होतो. चुकीचं शिकवलं मी!" रेमंडने जोॲनाच्या हातातली बॅग काढून खाली ठेवली. "तिचं मनगट बाथरूममध्ये पडून मोडलं नव्हतं. तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. डॉक्टरला खोटं मी सांगितलं. कोर्टाला खरं सांगणार आहे."

"रेमंड!" मॉड किंचाळलीच. मग तिने जोॲनाला जवळ ओढलं आणि नवऱ्याकडे बराच वेळ पाहिलं नाही. तिलाही त्याला माफ करायला नंतर पुष्कळ दिवस लागले.

प्रेस्टन काहीतरी पुटपुटला आणि जिना उतरून गेला.

यानंतर सगळं झटपट सुरळीत झालं, असं सांगायला मलाही आवडलं असतं. तसं झालं नाही. तारखा पडत गेल्या. प्रेस्टनने सगळं नाकारलं. पॅरिशमध्ये कुजबुज झाली, ओळखीची माणसं रस्ता बदलायला लागली. रेमंडने फादरांना भेटून आपण काय शिकवत होतो ते सांगितलं. फादर म्हणाले, जिथे चुकीचं सांगितलंत तिथेच बरोबर सांगा. त्याने तसं केलं. त्याच्या शेजारी मॉड आता उठून दुसरंच बोलायची, आणि ते रेमंडपेक्षा लांब असायचं. जोॲना ऑफिसला जायची, घरी यायची, रविवारी रांगेत उभी राहायची. पहिले काही महिने घरी असली की ती नुसती झोपायची. तिला कुणी उठवलं नाही.

मग एके दिवशी रेमंड साक्षीला उभा राहिला. जे पाहिलं ते त्याने सांगितलं, जे लपवलं तेही सांगितलं. प्रेस्टनच्या वकिलाने उलटतपासणीत विचारलं, "मिस्टर मिस्किटा, तुम्ही तरुणांना लग्न टिकवायला शिकवता. स्वतःच्या मुलीचं लग्न टिकावं असं तुम्हाला वाटत नाही?"

"वाटतं, साहेब," रेमंड म्हणाला. "पण मुलगी टिकावी असं त्याहून जास्त वाटतं."

वकील खाली बसला. काही महिन्यांनी कोर्टाने विभक्तीचा निकाल दिला.

तेव्हा माझं तुम्हा सगळ्यांना एवढंच सांगणं आहे. मुलगी दारात आली तर परत कधी जाणार हे आधी विचारू नका. तुला काय पाहिजे, हे विचारा. सहन कर नाही तर मोड, असे दोनच रस्ते तिच्यापुढे टाकू नका. कायदा काय म्हणतो, तुमचा धर्म खरोखर काय म्हणतो, हे जाणकाराकडून विचारून घ्या. ऐकीव गोष्टींवर कुणाच्या लेकीचं आयुष्य बांधून ठेवू नका. आणि तुम्ही काही पाहिलं असेल तर ते बोला. आपल्या गप्प बसण्याने कुणाचंही लग्न वाचत नाही, मारणाऱ्याचा हात तेवढा मोकळा राहतो.