मागची सीट

"तिघांचा टाकू की चौघांचा, एवढं कुणी सांगितलं तर उपकार होतील." तांदूळ निवडता निवडता सासूबाई पुटपुटल्या. पुटपुटणं स्वतःशीच, पण सुनेच्या कानावर पडेल असं, म्हणजे तिच्यासाठीच.

"चौघांचा टाका," सून म्हणाली. दोन वर्षं हेच उत्तर होतं. चौथं ताट रोज वाढलं जाई आणि रात्री झाकून ठेवलं जाई.

सून मोटरसायकलच्या सीट शिवायची. दाबलेला फोम चाचपून गाडी कोण वापरतं ते सांगायची. गिऱ्हाइकं हसत, "या बाईपुढे बसायचीसुद्धा चोरी!" नवऱ्याची बैठक तर तिच्या बोटांना पाठ होती. लहानपणी उजवा खुबा मोडल्यामुळे तो सारा भार डावीकडे टाकून बसे. त्याच्या सीटला डावीकडे ती नेहमी फोमची एक चकती जास्त घाली.

दोन वर्षांपूर्वी तो लांब पल्ल्याच्या सवारीला निघाला. एका दिवसात सोळाशे किलोमीटर, मग प्रमाणपत्र. निघताना साक्षीदाराची सही, पोचल्यावर पुन्हा सही. निघतानाची हिनंच केली होती. पोचल्याची राहिली. गाडी घाटमाथ्यावर सापडली, स्टँडवर नीट लावलेली, हेल्मेट आरशाला अडकवलेलं. माणूस नाही. दरी धुंडाळली, रान पालथं घातलं, शेवटी शोधणारेही थकले. घरातले मात्र "तो आला की" एवढ्यावरच जगत होते. स्वयंपाकघरातला नळ गळत होता. तो आला की बदलू.

काल सकाळी धाकटा दीर त्याच गाडीवर तीच सवारी पुरी करायला निघाला. औषधांच्या दुकानात पुड्या बांधणारा माणूस, कधी कशाचा हट्ट न करणारा. वहिनीनं पुढच्या-मागच्या दोन्ही सीटमध्ये नवा फोम घातला आणि बजावलं, "मागं कुणाला बसवू नका, भावजी. फोम कडक आहे अजून."

तांदूळ निवडून होतात तोच फाटकापाशी गाडी थांबली. सून हातातलं टाकून धावली. दिराची बोटं हँडलच्या मुठीवरून सुटेनात. तिनं एकेक करून सोडवली.

"पाणी घ्या आधी."

"आधी सही, वहिनी. वेळ टळेल."

तिनं सही केली. मग सवयीनं हात सीटवर गेला. पुढची सीट दबली होती, दबणारच. मागचीवर मात्र तिचा हात थबकला. कडक फोममध्ये खोल खळगा पडला होता. डावीकडे जास्त. आणि उबदार.

"कुणाला बसवलं होतं?"

"कुणालाच नाही."

"भावजी."

दीर पायरीवर बसला. गाडीकडे बघेना.

"घाटमाथ्यावर थांबलो होतो, जरा पाय मोकळे करायला. परत निघालो तर गाडी जड. म्हटलं, चाकातली हवा कमी झाली असेल. पण ब्रेक दाबला की पाठीला कुणीतरी टेकायचं. अगदी घरापर्यंत."

"वळून बघितलं नाही?"

"नाही."

"का?"

"बघितलं असतं तर उतरला असता."

दारात सासूबाई उभ्या होत्या. केव्हापासून, कोण जाणे. हातातलं सूप खाली ठेवून त्या गाडीपाशी आल्या आणि ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा तळहात त्यांनी त्या खळग्यावर ठेवला. बराच वेळ ठेवला. मग काढला.

तिघांच्या देखत फोम हळूहळू वर आला. आधी उजवीकडून, मग डावीकडून, कुणीतरी हाताचा आधार घेत जपून उठावं तसा. सुनेनं हात लावून पाहिलं. सीट गार होती.

आत नळ ठिबकत होता.

"पोचला घरी," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी सूप उचललं, त्यातले मूठभर तांदूळ वेगळे काढले आणि पदरात घेतले. "तिघांचाच टाकते. उद्या नळवाल्याला बोलाव."

सुनेचा हात अजून सीटवरच होता.

"ऐकतेस ना? माझा पोरगा मेलाय गं. दोन वर्षं झाली."