पोपच्या शिक्क्याचं तीर्थ

नास या आयरिश गावाबाहेर, वाळलेलं गवत साठवायच्या एका शेडमध्ये दीडशे माणसं दोन-दोन मीटर अंतर सोडून उभी होती. २०२१चा एप्रिल होता. चर्चमधली प्रार्थना सरकारने बंद ठेवली होती, म्हणून चमत्काराला शेड चालली. सगळ्यांच्या तोंडावर मास्क आणि सगळ्यांच्या नजरा टेबलावरच्या एका काचेच्या बरणीवर. बरणीतल्या पाण्यात दोऱ्याला बांधलेला, बिस्किटाएवढा करडा शिक्का बुडालेला होता.

"हा शिशाचा शिक्का पोपच्या पत्राला लटकत होता," ब्रदर मलाकी म्हणाला. हा कुठल्याही मठाचा ब्रदर नव्हता. दोन वर्षांपूर्वीपर्यंत जुनं फर्निचर विकायचा. आवाज मात्र खर्जातला. "याच शिक्क्यापुढे जर्मनीचा राजा तीन दिवस बर्फात अनवाणी उभा राहिला. याच शिक्क्याने आपलं हे बेट इंग्लंडच्या राजाच्या पदरात टाकलं. राजे ज्याच्यापुढे वाकले, त्याला एक विषाणू भारी पडेल?"

या दोन घटनांमध्ये जवळजवळ ऐंशी वर्षांचं अंतर आहे आणि पोपही वेगळे. एक शिक्का दोन्हीकडे कसा पोचला, हे विचारण्याच्या मनःस्थितीत तिथे कोणी नव्हतं.

"नऊ दिवसांपूर्वी हे पाणी कसं होतं?" मलाकीने विचारलं.

"आंबट," पुढचे दोघे म्हणाले. त्यांनी ते तेव्हा चाखलं होतं.

"जगाच्या पापाइतकं आंबट. नऊ दिवस प्रार्थना झाली. आता बघा."

त्याने प्रत्येकाच्या बोटावर एकेक थेंब सोडला. मीही मास्क खाली करून बोट जिभेला लावलं. गोड होतं. मी चक्रावलो आणि खरं सांगायचं तर घाबरलोही.

"बाकीचं बाटल्यांत भरून घरी न्या, कपाळाला लावा," म्हणत त्याने स्वतःच्या कपाळावर बोट टेकवलं. मग आवाज आणखी खाली आणून म्हणाला, "ज्याने शंका घेतली किंवा डॉक्टरचं दार वाजवलं, त्याच्यावरचं छत्र गेलं. त्याच्याशी आपल्यातलं कोणी बोलणार नाही."

आणि त्याने दोन नावं वाचली. शेजारच्या माणसांनी माना खाली घातल्या. आपल्याकडे याला वाळीत टाकणं म्हणतात. ते इथे, किल्डेअर परगण्यात बघायला मिळेल असं मला वाटलं नव्हतं.

मला इथे आणलं होतं पियूषने. आम्ही दोघे चेरीवूड भागातल्या एकाच कंपनीत, एकाच गल्लीत राहणारे, वर्षभर घरूनच काम करणारे. आदल्या सप्टेंबरात नागपुरात त्याचे बाबा कोविडने गेले. विमानं नाहीत, म्हणून त्याने अंत्यसंस्कार फोनच्या पडद्यावर पाहिले. तेव्हापासून तो भेटेल त्या देवाला धरून होता.

"देव कुठलाही असो, पावल्याशी मतलब," तो गाडीत म्हणाला. नवी बाटली त्याने दोन्ही हातांत धरली होती.

त्याच्या घरात प्रेसमध्ये, म्हणजे इथल्या भिंतीतल्या कपाटात, देवघर आहे. त्याने तिथे बाटली ठेवली, जुन्या बाटलीतलं पाणी तांब्याच्या पंचपात्रीत ओतलं आणि सहा वर्षांच्या मुलीला, रेवाला हाक मारली. रेवाने उजवा तळवा पुढे केला. एक पळी, दुसरी पळी, तिसरी पळी. शेवटी ओला हात तिने डोक्यावरून फिरवला.

"रोज?" मी विचारलं.

"सकाळ-संध्याकाळ. महिना झाला. आम्ही दोघं एकेक पळीच घेतो, जास्तीचं तिला."

रेवाचा रंग उतरला होता. पोट दुखतं म्हणून ती पुन्हा सोफ्यावर जाऊन गुडघे छातीशी घेऊन निजली. "ब्रदर म्हणाले, रोग बाहेर पडताना दुखतंच," पियूष म्हणाला. त्याची बायको माधवी रेवाच्या अंगावर पांघरूण घालत होती.

माझी बायको कौमुदी मेनूथच्या विद्यापीठात मध्ययुगीन युरोपच्या इतिहासावर पीएचडी करते. संध्याकाळी तिला सगळं हसत सांगायला लागलो. ती हसली नाही.

"शिसं? आणि आंबट पाणी म्हणजे व्हिनेगर?"

"वासावरून तरी तेच."

"अरे, असे शिक्के आम्हाला ओकच्या लाकडाच्या पेटीतसुद्धा ठेवू देत नाहीत. त्या लाकडातून व्हिनेगरचीच आम्लं सुटतात आणि शिसं पांढरं पडून झिजतं. याने तर सरळ बुडवलाय. शिसं त्या पाण्यात उतरतं आणि त्याचा जो क्षार होतो, तो गोड लागतो. रोमन लोक शिशाच्या भांड्यात द्राक्षरस आटवायचे, त्यातही हेच उतरायचं. ते विष आहे, हरीश. किती पितात लोक?"

"एक थेंब. बाकी कपाळाला." हे बोलता बोलताच रेवाच्या तळव्यावर पडणारी पळी माझ्या डोळ्यांसमोर आली. इथल्या लोकांना पवित्र पाणी अंगाला लावायचं माहीत. तीर्थ प्यायचं असतं, हे फक्त आपल्याला माहीत.

आम्ही धावत त्यांच्याकडे गेलो. पियूष दारात आडवा आला.

"दवाखान्यात नेलं तर छत्र जाईल. परत माझ्या घरात कोणी... मी बाबांच्या वेळी काही करू शकलो नाही, हरीश. आता हिला काही झालं तर?"

"हिला होतंय, पियूष," कौमुदी म्हणाली. "आत्ता होतंय."

"मी विचारलं होतं ना त्यांना." त्याने फोन पुढे केला. आमच्यात हे पितात, मुलीला रोज देऊ का, असा त्याचा मेसेज होता. खाली मलाकीचं उत्तर: श्रद्धेला माप नसतं.

सोफ्यावरून रेवाचा आवाज आला. "बट ब्रदर मलाकी नेव्हर ड्रिंक्स इट हिमसेल्फ, बाबा. ओन्ली ऑन द फोरहेड."

माधवीने गाडीची किल्ली उचलली. पियूष बाजूला झाला.

रक्तात शिसं निघालं, सहा वर्षांच्या मुलीच्या रक्तात असू नये इतकं. उपचार सुरू झाले. त्याचं शरीरातून बाहेर पडणं सावकाश होतं आणि हाडांत गेलेलं तर वर्षानुवर्षं राहतं, डॉक्टर म्हणाल्या. अभ्यासावर, लक्ष लागण्यावर काय परिणाम झाला ते पुढे कळेल. पियूषने विचारलं, "किती पळ्यांनी झालं असेल?" पळी हा एक शब्द त्याने मराठीतच उच्चारला. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मला त्याचा अर्थ सांगवला नाही.

पोलिसांनी बाटली तपासणीला नेली, वेळ लागेल म्हणाले. आम्ही थांबलो नाही. मासे धरायच्या गळाचं शिसं आणून नऊ दिवस घरच्या व्हिनेगरात बुडवलं. ना पोप, ना प्रार्थना. दहाव्या दिवशी ती बरणी घेऊन शेडमध्ये गेलो. कौमुदीने रसायनशास्त्राच्या मैत्रिणीकडून एक द्रावण आणलं होतं.

"शिसं असेल तर हे पिवळं होतं," तिने सगळ्यांना सांगितलं. साध्या पाण्यात थेंब टाकला, काही झालं नाही. आमच्या बरणीत टाकला, हळदीसारखा पिवळा साका उतरला. मलाकी अडवायच्या आत तिने त्याच्या बरणीत टाकला. तिथेही तोच पिवळा.

"श्रद्धेला माप नसतं ना?" ती मलाकीला म्हणाली. "एक पेला प्या."

त्याने पेल्याकडे पाहिलं नाही. खिशातून कागद काढून आमची नावं वाचली आणि डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. नोरा नावाची एक म्हातारी पुढे आली. "का पीत नाहीस, मलाकी?" तिने विचारलं. तो थांबला नाही. ती वळली आणि तिच्यामागे बरेच लोक निघाले. पण निम्मे तिथेच उभे राहिले, माना खाली घालून, एकमेकांकडे चोरून बघत.

कौमुदी म्हणते, जर्मनीचा तो राजा काही शिशाला घाबरला नव्हता. पोपने बहिष्कार टाकला आणि राजाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ सरदारांवर बंधनकारक नाही असं सांगितलं, तेव्हा त्याचे सरदार त्याला सोडायला निघाले. एकटं पडण्याची भीती त्याला बर्फात घेऊन गेली. युरोपातली पोपची सत्ता शतकानुशतकं या भीतीवरही चालली. पियूषही यालाच भ्याला. तो मूर्ख नाही, तो बाप आहे.

म्हणून हे लिहितो आहे. ते निम्मे लोक बाटल्या घरी घेऊन गेले, आणि त्यांच्यात आपलीही दोन-तीन कुटुंबं होती. तुमच्या कपाटात अशी बाटली असेल, मग ती कुठल्याही देवाची असो, तर आत काय आहे ते विचारा. विचारल्याची शिक्षा होणार असेल, तर उत्तर मिळालं असं समजा. आणि तोवर मुलाच्या तळव्यावर काही ओतू नका.