रत्नक्काचा ओटा

उदगीरच्या मठगल्लीत अमरनाथचं भांड्यांचं दुकान होतं, पण गल्लीबाहेरची माणसं त्याला ओळखायची ती गोष्टी सांगणारा म्हणून. महिन्यातल्या एका रविवारी सकाळी तो किल्ल्यापासून लोकांना घेऊन निघायचा आणि जुन्या गल्ल्यांतून फिरवत मठगल्लीत आणायचा. लातूरहून, नांदेडहून, कधी बिदरहूनही माणसं यायची. कोणती कमान कोणी बांधली, कोणत्या आडावर कोणाचं भांडण झालं, हे तो असं रंगवून सांगायचा की माणसं फोन खिशात ठेवून ऐकायची. गल्लीतली जुनी घरं एकेक करून शटरवाली होत चालली होती. ती राहावीत म्हणून त्यानं गल्लीतल्या काही जणांची समिती केली होती. समितीत बोलायचा मात्र तो एकटाच.

फेरी संपायची रत्नम्माच्या ओट्यापाशी. काळ्या घडीव दगडाचा उंच ओटा, भिंतीत दिव्याचे कोनाडे, खाली उतरायला पाच पायऱ्या. अमरनाथ लोकांना त्या पायऱ्यांवर बसवायचा आणि सांगायचा की दिवेलागणीला गल्लीतल्या बायका इथं जमायच्या, वाती वळायच्या, गाणी म्हणायच्या, आणि अर्ध्या गल्लीच्या सोयरिकी याच दगडांवर जुळल्या. ऐकता ऐकता एखाद्या बाईचे डोळे भरून यायचे. मग आतून रत्नम्मा कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पाठवायची. तिचा तोच धंदा होता. लोक पाकिटं घेऊन खूश होऊन जायचे.

रत्नम्माला सगळी गल्ली रत्नक्का म्हणायची. साठीच्या आतबाहेरची बाई, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगी सृष्टी लातूरला एका क्लासच्या ऑफिसात नोकरीला होती, सुट्टीला यायची. रत्नक्काचा एक गुडघा बदलला होता, पण तो नीट वाकत नव्हता, आणि दुसरा त्याच वाटेवर होता. घरात ती वॉकर घेऊन फिरायची. ओट्यापर्यंत यायची. पुढं पायऱ्या एवढ्या उंच की तिथून ती मागं फिरायची.

उन्हाळ्यात सृष्टीनं गवंडी बोलावला. पायऱ्या काढून तिथं उतार करायचा आणि धरायला कडेनं पाइप लावायचा, एवढंच काम होतं. गवंड्यानं पहिल्या दगडाला पहार लावली तोच अमरनाथ दुकानातून धावत आला.

"सृष्टी, हे काय करून राहिलीस? असा दगड परत मिळणार हाय का?"

"काका, आईला उतरता येत न्हाई. वर्ष झालं, ती गल्लीत आली न्हाई."

"त्याचं कायतरी बघू. पण पायऱ्या तोडायच्या न्हाईत."

त्यानं तिथंच उभं राहून फोनवर व्हिडिओ केला. मठगल्लीचा शेवटचा ओटा आज जाणार, असं म्हणताना त्याचा आवाज खरोखरच दाटून आला होता. दुपारपर्यंत तो व्हिडिओ शेकडो लोकांनी पुढं पाठवला. ओळखपाळख नसलेल्या माणसांनी सृष्टीला नावं ठेवली. संध्याकाळी समितीची माणसं दारात जमली. गवंडी हत्यारं गोळा करून केव्हाच निघून गेला होता.

सृष्टी रडली नाही. तिनं सगळ्यांसमोर विचारलं, "मग आईनं उतरायचं कसं, तेवढं सांगा."

"आम्ही काय मेलोत का?" अमरनाथ म्हणाला. "अक्कानं नुसता फोन करायचा. खुर्चीत बसवून चार माणसं अलगद खाली आणतील. माझा शब्द हाय."

रत्नक्का दाराच्या चौकटीला धरून उभी होती. ती मुलीला म्हणाली, "असू दे गं. एवढी माणसं म्हणून राहिलीत तर असू दे."

पहिल्यांदा तिचा फोन आला तेव्हा अमरनाथ स्वतः गेला. तिघांना गोळा केलं, प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून अक्काला उतरवलं, आणि त्याचा फोटोही काढला. दुसऱ्यांदा दुकानात लग्नाच्या भांड्यांची गर्दी होती. त्यानं दोन हमाल पाठवले. खुर्ची वाकडी झाली, अक्का घाबरली, पण उतरली.

तिसऱ्यांदा भाद्रपदातला रविवार होता. हाडांचे डॉक्टर लातूरहून महिन्यातून एकदा उदगीरला यायचे, तो त्यांचा दिवस. सृष्टीला क्लासच्या परीक्षेमुळं येता आलं नव्हतं. आणि त्याच सकाळी अमरनाथची फेरी होती. तो एका कमानीखाली उभा राहून बोलत होता, भोवती नांदेडहून आलेली वीस-पंचवीस माणसं होती, आणि गोष्ट ऐन रंगात आली होती. खिशात फोन वाजला. त्यानं काढून नाव बघितलं आणि आवाज बंद केला. थोड्या वेळानं मांडीशी थरथर जाणवली, तेव्हा त्यानं खिशात हातही घातला नाही.

मंडळी मठगल्लीच्या तोंडाशी आली. अमरनाथ सगळ्यांच्या पुढं होता, म्हणून त्याला आधी दिसलं.

रत्नक्का पायरीवर बसली होती. दोन्ही पाय पुढं ताठ सोडलेले. हाताच्या तळव्यांवर भार टाकून ती बसल्या बसल्या पुढं सरकत होती, धपकन खालच्या पायरीवर येत होती, थांबून दम घेत होती. लुगडं वर गेलं की एका हातानं खाली ओढत होती. खाली रिक्षावाला तिचा वॉकर धरून उभा होता. बाईमाणसाला हात लावावा की न लावावा, हे त्याला कळत नव्हतं.

तिनं मान वर केली. तिची आणि अमरनाथची नजर मिळाली.

तो दहा पावलांत तिच्यापर्यंत पोचला असता. पण मागून माणसं येत होती, त्यांच्या हातात कॅमेरे होते, आणि याच पायऱ्यांची गोष्ट त्याला आता सांगायची होती. तो गर्रकन वळला आणि हात पसरून म्हणाला, "मंडळी, आधी इकडं चला. मठाचा दरवाजा बघू, मग ओटा."

मठाच्या दरवाज्यापुढं तो काय बोलला ते त्याला नंतर आठवलं नाही. बऱ्याच वेळानं तो लोकांना घेऊन परतला तेव्हा ओटा रिकामा होता. लोक पायऱ्यांवर बसले. त्यानं बायकांची, वातींची, गाण्यांची गोष्ट सांगितली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी आतून भाकरी आली नाही.

दुपारी जेवताना बायको, महानंदा, ताटाकडं बघत म्हणाली, "अक्काच्या लुगड्याला मागून सगळी माती लागली होती. मी जाऊन झटकली. रिक्षात बसवलं."

"तू होतीस तिथं?"

"तुम्ही वळलात, तेव्हा मी दारातच होते."

अमरनाथनं ताट बाजूला सारलं. उठून अक्काकडं जावं असं त्याला वाटलं. त्या दिवशी गेला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. दुकान उघडायला तो मागच्या बोळातून जायला लागला. चार दिवसांनी सृष्टी गाडी घेऊन आली आणि आईला लातूरला घेऊन गेली. घराला कुलूप लागलं.

दिवाळी झाल्यावर अमरनाथ लातूरला गेला. होलसेलवाल्याकडं काम काढून गेला, म्हणजे नुसतं अक्काकडं जातोय असं घरी सांगावं लागू नये. औसा रोडच्या बाजूला एका नव्या इमारतीत सृष्टीनं भाड्यानं जागा घेतली होती. दार तिनंच उघडलं. "या काका," एवढंच म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

रत्नक्का पलंगावर बसून शेंगा सोलत होती. त्याला बघून तिचा चेहरा उजळला. ते त्याला सहन होईना.

"ये, बस. गल्लीची काय खबर?"

त्यानं सांगितली. कोणाचं लग्न ठरलं, कोणाची म्हैस व्याली. मग तो म्हणाला, "अक्का, तुम्ही परत चला. मी स्वतः उभा राहून उतार करून देतो. समितीत कोण काय म्हणतं ते मी बघतो."

"आता कशाला? इथं लिफ्ट हाय. मी रोज सांजच्याला खाली जाते. बाकडं टाकलंय, तिथं चार बाया बसतात. लई बरं वाटतं." तिनं सोललेले दाणे ताटलीत सारले. "ते राहू दे. तू त्या लोकांना आमच्या ओट्याची गोष्ट सांगतोस ना, ती मला सांग. आतून मला नीट ऐकू यायची न्हाई. लोक टाळ्या वाजवायचे तेवढं कळायचं."

"आता नको, अक्का."

"सांग की. पाव्हण्यांना सांगतोस, मला का न्हाई?"

त्यानं सांगितली. खाली बघत, भराभर. दिवेलागणी, वाती, गाणी, सोयरिकी. रत्नक्का हातातलं काम सोडून ऐकत होती. संपल्यावर ती म्हणाली, "चांगली हाय. कोणी सांगितली तुला?"

कोणीच सांगितली नव्हती. एका फेरीत त्याच्या तोंडून एक वाक्य निघालं होतं, ते लोकांना आवडलं, पुढच्या फेरीत त्याची दोन झाली होती.

"ओट्यावर बायका बसायच्या न्हाईत रे," ती म्हणाली. "आमचे सासरे बसायचे, अडतीचे लोक बसायचे. आम्ही दाराच्या आड. एकदा कोनाड्यात दिवा लावायला गेले आणि शेजारणीशी बोलत जरा टेकले, तर सासऱ्यांनी दोन दिवस माझ्या हातचं खाल्लं न्हाई. ते गेले, पुढं मालक गेले, तेव्हा कुठं मी बसायला लागले. तवर गुडघे गेले." ती थोडी हसली. "पण तुझी गोष्ट चांगली हाय. तसं असतं तर मी बसले असते."

सृष्टीनं चहा आणून ठेवला. अमरनाथनं कप उचलला नाही.

रत्नक्काच बोलली. "आणि त्या दिवशी तू त्या लोकांना घेऊन वळलास, ते लई केलंस बघ. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. मी सृष्टीला सांगितलं, अमरनाथनं माझी अब्रू राखली."

दारात उभ्या असलेल्या सृष्टीनं त्याच्याकडं बघितलं. तिचा त्यावर विश्वास नव्हता, हे त्याला कळलं. गप्प बसलं असतं तर तो विषय तिथंच मिटला असता. अक्कानं त्याला निसटायला वाट करून दिली होती, आणि ती घ्यावी असं त्याला फार वाटलं. पण तसं गप्प बसवलं नाही.

"अक्का, मी तुमच्यासाठी वळलो न्हाई. तुमचा फोन आला तोही मी बघितला होता. त्या लोकांना तुम्ही तशा दिसू नये, म्हणजे माझी गोष्ट बिघडू नये, म्हणून वळलो."

रत्नक्कानं ताटलीतले दाणे हातानं सारखे केले. मग ती म्हणाली, "चहा घे. गार होऊन राहिला."

त्यानं चहा घेतला. तो निघाला तेव्हा पुन्हा ये, असं रत्नक्का म्हणाली नाही. सृष्टी लिफ्टपर्यंत आली. "काका, आईला तसंच वाटू दिलं असतं तरी चाललं असतं," ती म्हणाली. ती रागानं बोलतेय की आणखी कशानं, ते त्याला समजलं नाही, आणि विचारायचा धीर झाला नाही.

संक्रांतीनंतर घर विकलं गेलं. घेणारा गल्लीतलाच पंचाक्षरी होता, रेडिमेड कपड्यांचा दुकानदार. त्याला पुढचा भाग पाडून तीन गाळे काढायचे होते. समितीची माणसं तावातावानं अमरनाथच्या दुकानात आली. व्हिडिओ करा, अर्ज द्या, नांदेड-लातूरची माणसं बोलवा, असं एकेक जण सांगत होता.

अमरनाथ गल्ल्यावरून उठला. "मी करणार न्हाई," तो म्हणाला. मग त्यानं त्यांना फोनचं, वळण्याचं, सगळं सांगितलं. सांगताना त्याचा आवाज इतका खाली गेला की मागच्यांना पुढं यावं लागलं. "उतार झाला असता तर अक्का तिथंच राहिली असती, आणि ओटाही राहिला असता. तिला आपण घालवलं. आता दगडासाठी मी कोणत्या तोंडानं ओरडू?"

कोणी त्याची समजूत काढली नाही. त्यानं शब्द दिला तेव्हा दारात उभे असलेले सगळे तिथं होते. एक जण बाहेर बघत म्हणाला, "मला तिचा फोनच आला न्हाई कधी." मग एकेक करून सगळे गेले.

ओटा दोन दिवसांत निघाला. अमरनाथ त्या दोन्ही दिवशी दुकानात बसून होता. जेसीबीचा आवाज येत होता आणि रॅकवरचे डबे बारीक वाजत होते.

त्याच आठवड्यात नांदेडहून एका बाईंचा फोन आला. त्यांच्या महिला मंडळाला पुढच्या रविवारी फेरीला यायचं होतं.

"फेरी बंद केलीय, ताई."

"का हो? आम्ही तुमच्या त्या ओट्याबद्दल लई ऐकलंय."

"ओटा पाडला. तिथं एक बाई राहायच्या. त्यांना वर्षभर खाली उतरता येत नव्हतं, आणि त्यांच्या पायऱ्यांवर तुमच्यासारख्या पाव्हण्यांना बसवून मी गोष्टी सांगायचो. खोट्या."

मग त्या बाई जरा अवघडून म्हणाल्या, "बरं. पण किल्ला तरी दाखवाल का?"

"किल्ला उघडाच असतो," अमरनाथ म्हणाला. "तुमचा तुम्ही बघा."