मिटवामिटवीचं मटण

पाड्यावर भांडण मिटतं ते बोकडानं. ज्यानं मारलं त्यानं बोकड द्यायचा. पंचांसमोर पंगत बसते, पहिलं पान मार खाल्लेल्याचं. त्यानं ते उष्टावलं की तोंड बंद, पुन्हा नाव काढायचं नाही. भावाभावांत बांधावरून जुंपली तर ठीक आहे ही रीत. पण मुरबाडकडच्या वीटभट्टीवाल्याचा पुतण्या एका बाईचं कोपर फावड्यानं फोडतो आणि वर बोकड पाठवतो, तेव्हा ती रीत नसते. माज असतो.

बाई म्हणजे जना, उंबरमाळीच्या वरच्या पाड्यातली. भट्टीवर विटा थापायची. पोरगी आजारी आहे, घरी जाते म्हणाली, एवढाच तिचा गुन्हा. पोलीस केस झाली. पुतण्या जामिनावर सुटला आणि आठवड्यात बोकड आला. पंचांना नाही म्हणायची नवऱ्याची, बुधूची, छाती झाली नाही.

गुन्ह्यात ज्याचं नुकसान होतं त्याला सरकार भरपाई देतं, हे जनाला खर्डीच्या समीक्षा वकिलीणबाईंनी सांगितलं. कोपराचं ऑपरेशन त्यातून होणार होतं. अर्ज केला, शहापूरला चौकशी लागली.

चौकशीच्या साहेबांनी एक कागद पुढे सरकवला. "आपसात मिटलं, असं पंचांनी लिहून दिलंय. बोकड घेतला होता का?"

बुधू खोटं बोलायला हवं तिथंही खरंच बोलतो. "घेतला ना साहेब. चांगला मोठा व्हता."

समीक्षा म्हणाल्या, "साहेब, हा गुन्हा कायद्यात बोकडावर मिटत नाही."

"कायद्याचं राहू द्या. बाईंनी मान्य केलं ना? जेवल्या ना पंगतीत?"

"मी नाय जेवली," जना म्हणाली.

"कशावरून?"

टेबलावर चहाबरोबर आलेली बिस्किटं होती. जनानं उजव्या हातानं एक उचललं. कोपर वाकेना. बिस्कीट तोंडापासून हातभर लांब थांबलं. तिनं मान पुढं ताणली, तरी पोचेना. तिनं ते परत बशीत ठेवलं.

"घरी डाव्यानं खाते. पंचांच्या पंगतीत डावा हात चालत नाय. आन भरवाया कोन उठला नाय. पान नाय उष्टावलं म्हंजे नाय मिटलं. रीत त्यांचीच हाय, त्यांनाच इचारा."

"मग तुमच्या पानाचं काय झालं?"

"ह्यानं खाल्लं."

"वाया गेलं असतं," बुधू म्हणाला.

साहेबांनी पंचांचा कागद बाजूला ठेवला. भरपाईची शिफारस करतो म्हणाले. जना उठली नाही.

"पैसं घेतलं तर केस बंद व्हईल?"

"नाही. हे पैसे सरकारचे. केस वेगळी."

"हात मोडला त्यानं, भरतंय सरकार. तो काय भरतो?"

"ते कोर्ट ठरवेल."

"मंग लिवून द्या. ह्या पैशानं मिटलं नाय म्हून."

"फॉर्ममध्ये तसा रकाना नाही, बाई."

"खाली जागा मोकळी हाय की."

समीक्षांनी तिथं एक ओळ लिहिली, वाचून दाखवली. जनानं डावा अंगठा उठवला. साहेबांनी खाली सही केली आणि बिस्किटांची बशी पुढे केली. बुधूचा हात निघाला.

"थांब रे," जना म्हणाली. "आदी इचार, कशाबद्दल देतात."