मेट्रन उपाशी पोटी आल्या

उभी हयात ऑपरेशन थिएटरात काढलेल्या बाईला शहाणपण शिकवायला जाणं म्हणजे स्वतःच्या डोक्याला ताप. "आत्या, टॅटूला जाताना पोटभर जेव, रात्री नीट झोप, पुढून उघडणारा सैल सदरा घाल," असं भाचीने फोनवर बजावलं होतं. घरादारात सगळे ज्यांना मेट्रन म्हणत, त्या आत्याबाईंनी त्यातला सदरा तेवढा ऐकला. सुई टोचायची म्हणजे पोट रिकामंच हवं, पोरीला काय कळतंय.

टॅटूवालीची खोली बघून त्यांना बरं वाटलं. सुया बंद पाकिटात, हातमोजे नवे. त्यांनी सवयीने ट्रॉलीच्या कडेवरून बोट फिरवलं. बोट स्वच्छ निघालं.

"मावशी, काय खाऊन आलात?" टॅटूवालीने विचारलं.

"पाण्याचा थेंबही नाही," मेट्रन ताठ मानेने म्हणाल्या.

सोबत आलेल्या भाचीने कपाळाला हात लावला.

"उपाशी पोटी इथे चक्कर येते. आधी खा, मग बघू," टॅटूवाली म्हणाली.

आणि जिने आयुष्यभर पेशंटच्या हातातली बिस्किटं काढून घेतली, ती बाई भाचीने पुढे केलेलं केळं निमूट सोलू लागली. अर्धं खाऊन म्हणाली, "घास उतरत नाही गं. भीती वाटतेय."

कॅन्सरने त्यांचा डावा स्तन गेला होता. डॉक्टरांनी पोटाचं मांस घेऊन गोलाई परत उभी केली, पण वर बोंड नव्हतं. नुसती कातडी आणि आडवा व्रण. तेव्हापासून न्हाणीघरातल्या आरशावर टॉवेल लटकत होता. जगाच्या जखमा धुतलेल्या बाईला स्वतःची एक बघवत नव्हती. आज जमलं तर टॉवेल निघणार, नाहीतर तो जन्माचा तिथेच.

"व्रणावर शाई कशी बसेल, सांगता येत नाही," टॅटूवाली म्हणाली. "कदाचित पुन्हा यावं लागेल. दुखणार मात्र फारसं नाही."

तिने उजव्या बाजूकडे बघत तपकिरीत गुलाबी मिसळला, थेंब कातडीला लावला, पुसला, पुन्हा मिसळला. मग मशीन गुणगुणू लागलं. मेट्रन छताकडे बघत पडून राहिल्या.

"उठा. बघा आता."

त्यांनी आरशासमोर डोळे मिटले आणि कसेबसे उघडले. डावीकडे बोंड होतं. उजवीकडच्यासारखंच, चांगलं वर आलेलं. त्यांचं बोट आपोआप पुढे गेलं. टॅटूवालीने हात धरला.

"हात लावायचा नाही. सपाटच आहे ते. वर जरा उजेड ठेवलाय, खाली सावली."

तुटलेले हात जोडले जाताना मेट्रननी पाहिले होते, बंद पडलेलं काळीज सुरू होताना पाहिलं होतं. सपाट कातडीवर सावलीने अवयव उगवलेला पाहिला नव्हता. त्या टॅटूवालीच्या बोटांकडे बघतच राहिल्या. मग रडल्या, अगदी उघड.

"पट्टी कधी काढायची? साबण? पाणी?" थोड्या वेळाने मेट्रन परत मेट्रन झाल्या. सगळं ऐकून घेतलं, आणि शेवटी हळूच विचारलं, "आणि बघायचं कधी?"

"पट्टी निघाली की हवं तेव्हा. बघायला कसली बंदी?"

पट्टी काढायच्या दिवशी भाची घरी येऊन स्वयंपाकाला लागली. पानं वाढून तिने हाक मारली. न्हाणीघरात टॉवेल खुंटीवर गेला होता आणि मेट्रन आरशासमोर उभ्या होत्या.

"आत्या, जेवायला चल. भूक नाही का?"

"आहे गं, खूप आहे," आतून आवाज आला. "थांब जरा. बघू दे."