नुसतं बाय म्हटलं म्हणून

साडेतीन वर्षांत नूपुरला पहिल्यांदाच एक अख्खा दिवस मिळाला होता. ना ऑफिस, ना कुकर, ना डबे. नवरा अनिश, लेक मनवा आणि ती, बस्स. भाऊच्या धक्क्यावरून लाँच सुटली आणि भोईवाड्याच्या दोन खोल्या, त्यातलं वाळत घातलेलं सगळं, मागे राहिलं.

निघताना सासूबाईंनी उंबऱ्यातच अडवलं होतं. "परक्या जाग्यार बसलात, तर उठताना पोराक नावान हाक मारूची. तीनदा. नायतर पोराचो जीव थयच रवता."

"आई, जीव कशाला तिथंच राहील? आम्ही सायकल चालवायला चाललोय," अनिश हसला.

"तुका कोण इचारता? मी तिका सांगतंय." आणि मग मनवाच्या गालावरून हात फिरवत, "होय मा गो बाय?"

लाँच लागली ते कासबेट एवढंसं. गोल रस्ता, पाच किलोमीटर. जेट्टीवर दोन सायकली भाड्यानं मिळाल्या. नूपुरच्या सायकलीला मागे लहान मुलाची सीट होती, पट्ट्याची. अनिशच्या सायकलीला नुसतं कॅरिअर.

मनवाची बडबड अखंड चालू होती. "आई, खेकडा झोपतो का? आई, समुद्र रात्री बंद करतात?" नूपुरला ती दिसत नव्हती, पण पाठीत बसणाऱ्या सँडलच्या लाथांवरून कळत होती. पोटात होती तेव्हासारखीच. तेव्हाही दिसायची नाही, लाथांनीच हजेरी लावायची. नूपुर एकटीच हसली.

बेटाच्या मागच्या अंगाला एक ओसाड बंगला होता. छप्पर गेलेलं, पायऱ्या तेवढ्या शाबूत. डेरेदार भेंडीच्या झाडाची सावली बघून तिथंच त्यांनी पोळीभाजी खाल्ली. मनवा सगळ्यात खालच्या पायरीवर पाठमोरी बसून शिंपल्यांची दुकानं मांडत होती. मधूनमधून कुणाशी तरी बोलल्यासारखी बोलत होती, मुलं बोलतातच.

"चला," अनिशनं घड्याळ बघितलं. "चारची लाँच चुकली तर इथंच मुक्काम."

नूपुरला सासूबाईंचं बोलणं आठवलं. नेमक्या तेव्हाच कॉलेजच्या चार मुली तिथं सेल्फी काढायला थांबल्या. त्यांच्यासमोर कसं काय बाई ते? मग तिनं चेष्टेत उरकल्यासारखं, घरच्या सवयीनं म्हटलं, "चल गं बाय, चल गं बाय, चल गं बाय!" मनवा मुकाट उठून आली. नूपुरनं तिला सीटवर बसवून पट्टा लावला.

थोडं पुढं गेल्यावर तिच्या लक्षात आलं, पाठीत लाथा बसत नाहीयेत.

"मनवा? झोपलीस?"

"नाही."

रस्ता उताराचा होता, तरी पॅडल जड लागत होतं. मग मागून विचारणा झाली, अगदी सावकाश, "घरी कोण कोण आहे?"

"अगं, आजी आहे ना. विसरलीस?"

"ती मला आत घेईल?"

नूपुरनं ब्रेक दाबला. उतरून पाहिलं. तोच चेहरा, तोच पिवळा फ्रॉक, त्यावर सकाळचा आइस्क्रीमचा डाग. तिनं पर्समधलं क्रीमचं बिस्किट दिलं. मनवा त्याची दोन शकलं करते, आधी क्रीम चाटते, उरलेलं आईच्या हातात कोंबते. हिनं बिस्किट नुसतं धरून ठेवलं, परक्यांच्या घरी धरतात तसं.

"खा ना, मनवा."

"तू बाय म्हणालीस," ती म्हणाली. "म्हणून मी आले."

अनिश वळून आला. "ऊन लागलंय तिला. पाणी पाज."

"मी मागे जातेय. पायऱ्यांशी."

"अगं, लाँच!"

"जाऊ दे खड्ड्यात लाँच."

बंगल्यापाशी आता चिटपाखरू नव्हतं. नूपुर सायकलवरूनच, दोन्ही पाय जमिनीला टेकवून, पायऱ्यांकडं तोंड करून ओरडली. "मनवा अनिश परब!"

भेंडीचं पानही हललं नाही.

"मनवा अनिश परब, घरी चल!"

मागच्या सीटवरची मुसमुसायला लागली. बारीक, आवाज दाबून, ज्या पोराचं रडणं कुणी ऐकत नाही तसं. तिनं हँडल घट्ट धरलं आणि तिसऱ्यांदा हाक मारली, गळा फाटेस्तोवर.

पाठीत लाथ बसली. दोन्ही सँडलची.

"आई! किती वेळ बोलावतेय मी तुला! तू मला टाकून गेलीस!"

"नाही गं राजा. आले ना? आले ना मी?" नूपुरनं तिला सीटवरून ओढूनच काढलं, मुके घेतले, ओढणीनं छातीशी करकचून बांधलं आणि सायकल हातानं ढकलत निघाली.

मागून हाक आली. "आई!"

पायरीवरून. रडवेली नाही, हट्टी नाही. नुसती वाट बघणारी. साडेतीन वर्षांत या हाकेला नूपुर झोपेतसुद्धा 'ओ' म्हणाली होती. मान अर्धी वळलीच. तिनं ओठ रक्त येईस्तोवर चावला आणि लेकीच्या केसांत तोंड खुपसून पुटपुटत राहिली, मनवा, मनवा, मनवा. आणखी एकदा हाक आली. मग थांबली.

वळणावर अनिश पाठमोरा दिसला. एक पाय टेकून, फोनवर पुढच्या लाँचची चौकशी करत. मनवा अंगठा तोंडात घालून गाढ झोपली होती.

"बाबा!"

या वेळी आवाज नूपुरच्या पुढून आला. रस्त्यावर अनिशशिवाय कुणी नव्हतं.

"अनिश, ओ देऊ नकोस!" तिनं सायकल टाकली, धावली. "अनिश!"

पण फोन कानाला, मागे न बघताच, तो म्हणून गेला होता, "ओ! ये गं बाय, बस पटकन."

कॅरिअर करकरलं. मागचं टायर हळूच दबलं.